पाहुण्यांच्या बाजूला

कोफोरिडुआ,
९ सप्टेंबर २०१३

देदा पोरी,

हे पत्र बोआतेंगच्या हाती देतोय. तो आपल्याच गाडीचा ड्रायव्हर आहे, तरी पाकीट चिकटवलंय आणि चिकटवलेल्या जागेवर आडवी सही ओढलीय. सही तुटलेली दिसली तर कळव. फोनवर या विषयाचा एक शब्दही काढू नकोस. माझ्या टायरच्या दुकानात हवा भरायला आलेला माणूस हवा भरून झाली तरी उगाच रेंगाळतो, तो काही माझं तोंड बघायला नाही.

तर म्हाताऱ्या किस्सीने चौथा दावा ठोकला. तुझ्या दारावर कोर्टाचा माणूस कागद चिकटवून गेला म्हणतात. माझ्याकडेही आलाय. कागदावर किस्सीचं नाव नाही, हीच तर गंमत. पहिला दावा त्याने स्वतःच्या नावाने केला आणि हरला. दुसरा भावाला पुढे करून, तोही हरला. तिसरा सगळ्या घराण्याच्या नावाने केला, त्यात अपिलापर्यंत जाऊन तोंडावर पडला. आता कुणी न्तिरिवा नावाची बाई उभी केलीय. ती शपथेवर म्हणते, माझा किस्सीच्या घराशी काही संबंध नाही, माझं घराणं वेगळं, आणि ज्या जमिनीबद्दल मी बोलतेय तिचं नावही वेगळं. जमीन तीच गं. तोच ओढा, तीच कोकोची झाडं, तेच तुझं घर. तुझ्या आजीने, सार्पोमाने, ती किस्सीच्या वडिलांकडून घेतली तेव्हा व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून दोन्ही घरच्यांनी एकच पान दोन टोकांनी धरून सगळ्या गावासमोर तोडलं होतं. ते पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत.

वकील अम्पोफो म्हणतो, हिला किस्सीच्या घरची म्हणून सिद्ध करा, मग साक्षीपुरावे, तारखा, काही नको. एकच भांडण नवा सदरा घालून पुन्हा पुन्हा कोर्टाच्या दारात येत असेल तर त्याला न्यायप्रक्रियेचा गैरवापर म्हणतात, आणि न्यायाधीश त्याला उंबरठ्यावरूनच हाकलतो. नाही सिद्ध झालं तर मात्र पुन्हा वर्षानुवर्षं चपला झिजवायच्या.

आता मला टोचतंय ते सांगतो. तिच्या अर्जात लिहिलंय की हद्दीवरचं कोलाचं झाड मागच्या वादळात पडलं. ही गोष्ट तिला कुणी सांगितली? आपल्या घरातून कुणीतरी बोलतंय. तुझा तो वाटेकरी जरा जास्तच गप्प असतो. त्याच्यावर नजर ठेव.

तुझा मामा,
ओफोसुहेने

आसुओसो,
१७ सप्टेंबर २०१३

मामा, नमस्कार.

सही शाबूत आहे. पाकिटावर बोआतेंगच्या तळलेल्या माशाचा डाग आहे, पण तो बाहेरून.

झाडाबद्दल विचारलंत. मामा, ते झाड रस्त्यावर आडवं पडलं होतं. सगळं गाव ते ओलांडून बाजाराला जात होतं. पाद्रीबुवा त्याच्यावर बसून चप्पल झटकायचे. हे गुपित फोडायला वाटेकरी कशाला हवा? तो बिचारा गप्प असतो कारण त्याला आपली भाषा नीट येत नाही आणि लोक त्याच्या उच्चारांना हसतात.

न्तिरिवाला मी ओळखते तेवढं सगळेच ओळखतात. बाजारात तिची कांद्यांची पाटी माझ्या शेजारी असते. तिचं घराणं कोणतं हे मी कधी विचारलं नाही. कांदे घेताना कुणी विचारत नाही.

कोर्टाने मनाईचा हुकूम दिलाय, तो वाचून घेतला. दावा चालू असेतो कुणी जमीन विकायची नाही, खणायची नाही, काही बांधायचं नाही. पिकलेली कोको मात्र तोडायला मोकळीक आहे. तेव्हा माझं चाललंय.

आता मला टोचतंय ते. लांब लोखंडी सळई घेऊन दोन माणसं पुन्हा आली होती. मागच्या कोरड्या हंगामात आली होती तीच. ओढ्याच्या काठाने भोकं पाडली, वर आलेली माती पाण्यात धुऊन थाळीत फिरवून बघितली. मी विचारलं, कुणी पाठवलं? तर म्हणाले, ओफोसुहेनेंनी. मी मनाईचा कागद दाखवला तशी निघून गेली. कोण आहेत ती?

भाजलेल्या गोगलगायी पाठवतेय. तुम्हाला आवडतात म्हणून.

देदा

कोफोरिडुआ,
३० सप्टेंबर २०१३

देदा पोरी,

गोगलगायी पोचल्या. उत्तम होत्या. पण तू इतक्या वर्षांत मला न मागता गोगलगायी पाठवल्याचं आठवत नाही. सहज म्हटलं.

सळईवाल्यांचं काही मनावर घेऊ नकोस. सागाची झाडं लावावीत असा विचार होता, म्हणून माती तपासून घेतली. मातीशिवाय झाड कसं येणार?

तू तुझा वाटेकरी सोडवलास, ठीक. मी मात्र कोर्टाचा कागद दुकानात बसून पुन्हा वाचला. अम्पोफो वकील आहे, त्याला कायदा दिसतो. मला गिऱ्हाईक दिसतं. किस्सीने तिन्ही वेळा काय मागितलं होतं? अख्खी जमीन, तुझं घर पाडायचं, इतक्या वर्षांच्या पिकाची भरपाई, वर माफी. आणि ही बाई काय मागते? विकू नका, खणू नका. बस. तुझी कोकोसुद्धा तुला तोडू देते. अशी दुश्मन मी जन्मात पाहिली नाही. माझ्याकडे एखादा माणूस येतो, फाटका टायर दाखवतो आणि घासाघीस न करता म्हणतो, द्या काय असेल ते. तेव्हा मी आधी बाहेर जाऊन गाडी कुणाची आहे ते बघतो.

तर गाडी कुणाची आहे, देदा? या बाईला ढकलतंय कोण? किस्सीला एवढी अक्कल नाही. त्यात तो अंथरुणाला खिळलाय असं ऐकतो. लघवीसुद्धा दुसऱ्याच्या हाताने, आणि दावे मात्र स्वतःच्या डोक्याने? पटत नाही.

शेजारी पाटी लावतेस ना? मग कान उघडे ठेव. तिच्या घरी कोण जातं, घराणं आईकडून चालतं तेव्हा ती कुणाला मामा म्हणते, कुणाच्या दुखण्याला सूप घेऊन जाते, सगळं लिही.

ओफोसुहेने

आसुओसो,
२० नोव्हेंबर २०१३

मामा, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. कोको वाळत घातली होती आणि मध्येच पाऊस येत होता.

तुम्ही ऐकलंच असेल, किस्सी गेला. देह शहरात बर्फात ठेवलाय. त्याची मुलं परदेशातून यायची आहेत, म्हणून मयत जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी ठरलंय. गावभर भिंतींवर त्याचा फोटो लागलाय, तरुणपणीचा, कोट घातलेला. कुणीही ओळखत नाही. खाली नातेवाइकांची नावं आहेत, भाचे, भाच्या, नातवंडं, सगळी. न्तिरिवाचं नाव त्यात नाही. मी प्रत्येक भिंतीवर बघितलं.

म्हणजे ती खरंच परकी आहे. वकिलांना सांगा, दुसरा काही मार्ग बघा.

आणि मामा, तुम्ही मयताला येऊ नका. तीन दावे त्याच्याशी लढलात. लोक म्हणतील, खातरजमा करायला आला. गुडघेही दुखतात तुमचे.

देदा

कोफोरिडुआ,
२८ नोव्हेंबर २०१३

देदा पोरी,

येणार. ज्याच्याशी आयुष्यभर भांडलो त्याच्या मयताला नाही गेलो, तर मग कुणाच्या जायचं? काळं कापड इस्त्रीला दिलंय. गुडघे गाडीत बसतात, ते चालत येणार नाहीत.

भिंतीवरचा कागद वकिलाच्या सांगण्यावरून छापता येतो. किस्सीच्या वकिलाला मी ओळखतो, तो स्वतःच्या बायकोचं नावही विचारून सांगतो. तेव्हा कागदावर नाव नाही, यावर मी झोपणारा नाही.

मला वेगळीच गोष्ट खातेय. मी ऐकायला सांगितलं होतं, तू बघून आलीस. मी म्हटलं, कुणाला मामा म्हणते ते लिही. तू लिहिलंस, परकी आहे. आणि वर, येऊ नका. ज्या घरात लोक सांगतात की येऊ नका, त्या घरात काहीतरी शिजत असतं. जेवायला फुफू शिजत असता तर बोलावलं असतंस.

ओफोसुहेने

कोफोरिडुआ,
२९ जानेवारी २०१४

देदा,

काल परत पोचलो. तू होतीस तिथे, तरी मला जे दिसलं ते लिहितो, कारण मी बसलो होतो तिथून दिसला तसा तुझा स्वतःचा हात तुला दिसला नसेल.

न्तिरिवा आली तेव्हा सगळं ठरवून दिल्यासारखं होतं. अंगावर काळं साधं कापड, कपाळावर सख्ख्या नात्यातल्यांची लाल पट्टी नाही, आणि बसली कुठे, तर पाहुण्यांच्या बाजूला, आपल्या रांगेत. तू तिच्या शेजारी. समोर किस्सीच्या घरच्या बायका लाल कापडात, पहिल्या रांगेत, एकमेकींना धरून रडतायत. ही इकडे ताठ बसलेली. मी तिचे पाय बघत होतो. तिचे पाय रडत होते, बोटं चपलेत आखडत होती. मी मनात म्हटलं, ओफोसुहेने, आज तुला वकिलाची गरज नाही, फक्त बसून राहा.

मग भोंग्यावरचा तो जाडा माणूस आलेल्यांची नावं घ्यायला लागला. अमका आला, त्याचे आभार, तमका आला, त्याचे आभार. तिचं नाव आलं तेव्हा तो म्हणाला, "बाजारातल्या न्तिरिवाबाई, पाहुण्या म्हणून आल्या, घरातर्फे त्यांचे आभार."

त्यानंतरचं सगळ्या गावाने ऐकलं. ती उठली, खुर्ची पडली, त्या जाड्याच्या हातातून माईक ओढला. "पाहुणी? कोण पाहुणी? माझ्या आईचा सख्खा भाऊ पडलाय तिथे. मी कोवळी होते तेव्हापासून त्याने मला खांद्यावर वागवलं. आभार मानतोस माझे?" आणि सगळी बाजू ओलांडून समोर जाऊन लाल बायकांच्या मधोमध पडली. त्यांनीही तिला आत घेतलं. एकीने आपली लाल पट्टी काढून तिच्या कपाळाला बांधली.

खोटं सांगणार नाही, माझे डोळे भरले. मग पुसले आणि चित्रफीत काढणाऱ्याला गाठून एक तबकडी सांगून आलो. कोर्टात शपथेवर घराणं बदलता येतं, मयतात नाही बदलता येत. किस्सीचा वकील शहरातला आहे, त्याला हे कसं कळणार?

अम्पोफो नाचतोय. म्हणतो, आता दावा पडलाच. फक्त चित्रफितीला जोडून गावातल्या कुणीतरी शपथेवर सांगायला हवं की ही बाई किस्सीच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, म्हणजे त्याच्याच घराण्यातली. प्रतिवादी तू आहेस, शेजारी पाटी लावतेस, तेव्हा तूच.

आता हाताबद्दल. ती माईककडे झेपावली तेव्हा सगळे तोंड उघडून बघत होते. एकच हात तिला मागे ओढायला गेला, आणि ती बोलायला लागल्यावर तिच्या तोंडावर ठेवायला गेला. तिच्या वकिलाचा नव्हे, तिच्या भावाचा नव्हे. तुझा.

माझी भाची माझ्या दुश्मनाचं तोंड का बंद करत होती? गोगलगायी न पाठवता उत्तर दे.

ओफोसुहेने

आसुओसो,
११ फेब्रुवारी २०१४

मामा,

बरं झालं विचारलंत. पत्र फाडून नका टाकू, शेवटपर्यंत वाचा.

झाडाचं तिला मीच सांगितलं. दावा कर म्हणूनही मीच सांगितलं. काय मागायचं आणि काय नाही, हेसुद्धा आम्ही दोघींनी पाटीमागे बसून ठरवलं. किस्सी अंथरुणावरून हो म्हणाला, त्याला वाटलं घराणं पुन्हा लढतंय. त्याला तेवढंच सुख. पहिले तीन दावे त्याने जमीन घ्यायला केले होते. हा चौथा जमीन राहावी म्हणून होता.

साग लावणारे लोक माती थाळीत धूत नाहीत, मामा. मागच्या कोरड्या हंगामात ती माणसं पहिल्यांदा आली, तेव्हा मी त्यांच्या मागून चालत गेले. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, म्हातारा तयार आहे, मिस्टर क्वार्शी यंत्र आणतील. कान काही एकट्या तुम्हालाच नाहीत.

पलीकडच्या गावात यंत्र येऊन गेलंय. तुम्ही बघितलं नाही, तुमची गाडी त्या रस्त्याने जात नाही. ओढा दूध घातलेल्या चहासारखा झालाय. कोकोची झाडं मुळासकट वर, आणि खड्डे एवढे की बकरी पडली तर नुसता आवाज येतो. ज्यांनी सोन्यासाठी जमीन दिली ती माणसं आता माझ्याकडे पाण्यासाठी रिकामी कळशी घेऊन येतात. त्यांना दिलेलं पाणी आपल्या ओढ्याचं आहे.

मी तुम्हाला नको म्हटलं असतं तर ऐकलं असतंत? घराण्याचे प्रमुख तुम्ही. बायकांनी बैठकीत बोलायचं ते सूप वाढताना. म्हणून मला एकच सुचलं. जमिनीवर दावा चालू असला की क्वार्शीसारखा माणूस हात लावत नाही. दुश्मनाने मला कुंपण घालून दिलं.

न्तिरिवाला मी मयताआधी हात जोडून सांगितलं होतं, येऊच नकोस, आजारी पड. ती म्हणाली, बसेन गप्प. मग बसवलं नाही तिच्याने. आता म्हणते, देदा, मामाच्या प्रेतासमोर मला कुठला दावा आठवणार? मी तिच्यावर रागावू शकले नाही.

आता शपथेचं. मी देईन. ती त्याच बहिणीची मुलगी आहे हे सांगेन, कारण ते खरं आहे आणि तिने स्वतःच सांगितलंय. पण अम्पोफोंना सांगा, आपल्या शपथपत्रात दोन ओळी घालायच्या. ही जमीन ओफोसुहेनेची नाही, सार्पोमाच्या घरची आहे, आणि तुम्ही तिन्ही दाव्यांत घरातर्फे उभे होतात. घरातल्या बायकांची संमती घेतल्याशिवाय ती कुणालाही देता येत नाही. त्याखाली तुमची सही आधी, मग माझी.

नाही तर तबकडी घेऊन एकटेच जा. मी सांगेन, मला ऐकू कमी येतं.

देदा

कोफोरिडुआ,
३ मार्च २०१४

देदा,

पत्र वाचून दुकान बंद केलं आणि घरी जाऊन बसलो. बायको म्हणाली, कोण गेलं? मी म्हटलं, मीच.

क्वार्शीचं खरं आहे. फक्त बोलणी झाली होती, असं म्हणणार होतो, पण तू त्यांच्या मागून चालत गेलेली आहेस, तेव्हा राहू दे. गाड्या जुन्या झाल्या, मी जुना झालो, ओढ्याकडचा कोपरा कुणाच्या उपयोगाचा नाही असं वाटलं. तू पाणी कुठून भरतेस याचा विचार केला नाही. शहरात नळ असतो.

तुझी अट घेऊन अम्पोफोकडे गेलो. वाटलं, तो नाही म्हणेल आणि माझी सुटका होईल. तर तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "अहो, हीच ओळ तर हवी होती. जुन्या तिन्ही दाव्यांत घर विरुद्ध घर होतं, हे दाखवल्याशिवाय चौथा दावा तोच आहे असं कसं म्हणणार? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" मी म्हटलं, माझ्या. हसू नकोस.

सही केली. तुझी कधी होतेय? बोआतेंग कागद घेऊन थांबलाय, त्याला जेवायला घाल.

मला अजून एक शंका आहे. ही ओळ तुला आत्ता सुचली, की दावा पडला तर काय करायचं हेही तुम्ही दोघींनी पाटीमागेच ठरवून ठेवलं होतं?

ओफोसुहेने

आसुओसो,
५ मार्च २०१४

मामा, नमस्कार.

सही केली. बोआतेंग दोनदा जेवला.

शंकेचं उत्तर बाजारात कांदे घ्यायला याल तेव्हा.

देदा

कोफोरिडुआ,
१६ मे २०१४

देदा पोरी,

निकाल लागला. न्यायाधीशबाई तरुण आहेत, चष्म्यावरून बघतात. त्यांनी कोर्टात चित्रफीत लावली. "कोण पाहुणी?" आलं तेव्हा किस्सीच्या वकिलाने कागदात डोकं घातलं, आणि न्तिरिवा मात्र पडद्यावर मामाची पेटी बघून पुन्हा रडली. शिपायाने तिला पाणी दिलं.

बाईंनी लिहिलं की हे तेच भांडण आहे, तीच जमीन, तेच घर, फक्त तोंड नवं. कोर्ट म्हणजे हरलेल्या माणसाने पुन्हा पुन्हा ठोठावायचं दार नव्हे. दावा न्यायप्रक्रियेचा गैरवापर म्हणून फेटाळला. यापुढे त्या घरातल्या कुणीही, कुठल्याही नावाने, कोर्टाच्या परवानगीशिवाय या जमिनीवर दावा लावायचा नाही. मनाईचा हुकूमही उठला.

आणि शेवटी, सगळ्यांना ऐकू जाईल असं, वाचलं: प्रतिवादींनी स्वतः शपथेवर मान्य केल्याप्रमाणे ही जमीन सार्पोमाच्या घरची सामाईक आहे आणि घरातल्या स्त्रियांच्या संमतीशिवाय तिची विल्हेवाट लावता येणार नाही.

क्वार्शी मागच्या बाकावर बसला होता. मी बोलावलं नव्हतं, त्याचेही कान असतील. एवढं ऐकून उठला, मला नमस्कार केला आणि गेला. दुकानासमोर त्याची गाडी पुन्हा दिसली नाही.

म्हणजे मी चौथ्यांदा जिंकलो, आणि घरी आलो तर काही माझं नाही. किस्सी असता तर त्याच्याबरोबर बसून हसलो असतो. हे समजेल असा दुसरा माणूस राहिला नाही.

एक विचारायचंय, आणि चतुराई न करता उत्तर दे. त्या दिवसापासून मी तिला पाहुण्यांच्या बाजूला ताठ बसलेलं बघतोय. तीही भाची, तूही भाची. किस्सीने सगळ्या गावाला छळलं, तरी तिच्याने तिथे बसवलं नाही. माझ्या मयताला भोंग्यावरच्या माणसाने तुझं नाव घेतलं, तर तू कुठल्या बाजूला असशील?

ओफोसुहेने

आसुओसो,
२४ मे २०१४

मामा, नमस्कार.

कोकोला फुलं आलीत. ओढ्याचं पाणी एका बाटलीत भरून बोआतेंगच्या हाती देतेय, उजेडात धरून बघा, तळाशी काही दिसणार नाही. गोगलगायीही आहेत. या वेळी काही लपवायचं नाही, तेव्हा बिनधास्त खा.

न्तिरिवा रोज शेजारी पाटी लावते. दावा हरली म्हणून तिला कुणी विचारलं तर म्हणते, मामाला नीट पोचवलं, बाकी कोर्टाचं कोर्ट जाणे.

तुमच्या प्रश्नाचं. पहिल्या रांगेत, लाल कापडात, पट्टी बांधून. भोंगेवाल्याने पाहुणी म्हटलं तर माईक मीही ओढेन.

पण त्याला अजून वेळ आहे. आधी एकदा जिवंत असताना या. रस्ता चांगला झालाय, गुडघे गाडीत बसतील. यंत्र न आणता या.

देदा